डास नव्हे, सॅन्डफ्लाय : भिंतीच्या भेगेतली माशी ओळखायची कशी, रोखायची कशी

(जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन आहे. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. वाचायला सोपं जावं म्हणून उपशीर्षकं दिली असून शेवटी प्रश्नोत्तरांतला निवडक भाग घेतला आहे.)

मागच्या रांगेतल्या मंडळींनी जरा पुढे येऊन बसावं, कारण आज जे दाखवायचं आहे ते फारच बारीक आहे.

हा बघा, साधा कोरा कागद आहे. दोन्ही बाजूंनी एरंडेल लावलेला. काल संध्याकाळी इथून जवळच्याच एका घरी, गोठ्याच्या भिंतीला मोठी भेग पडली आहे, तिच्यासमोर मी हा दोऱ्याने टांगला आणि आज सकाळी काढला. यावर हे जे मातकट ठिपके चिकटलेत, ते मोजले तर अकरा भरले. कागद आणि भिंग दोन्ही फिरवतो, सगळ्यांनी बघा.

घरच्या दादांना दाखवलं तर ते म्हणाले, "ही तर चिलटं आहेत." शेजारच्या काकू म्हणाल्या, "डासांची पिल्लं असतील." आता डासाला पिल्लं नसतात, हे आधी सांगून टाकतो. पंख फुटले की किडा वाढायचा थांबतो. कोषातून बाहेर पडलेला डास जेवढा असतो तेवढाच मरेपर्यंत राहतो. त्यामुळे लहान डासासारखं काही दिसलं, तर एक तर तो लहान जातीचा डास असतो किंवा तो डासच नसतो.

कागदावरचे हे डास नाहीत आणि चिलटंही नाहीत. ही सॅन्डफ्लाय आहे. वर्तमानपत्रं वाळूमाशी लिहितात. नाव जरा फसवं आहे. वाळूशी किंवा नदीकाठाशी तिचा काही संबंध नाही, रंग तेवढा वाळूसारखा. तिचा मुक्काम आपल्या भिंतीत असतो.

एवढ्याशा माशीसाठी व्याख्यान कशाला?

१९६५ साली नागपूर भागात तापाची साथ होती. डेंग्यू-चिकुनगुनियाचे रुग्ण तपासत असताना पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला, दोन रुग्णांच्या रक्तात एक वेगळाच विषाणू मिळाला. रुग्ण चांदीपुरा गावचे, म्हणून विषाणूचं नाव चांदीपुरा. विदर्भातल्या गावाचं नाव जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत गेलं, पण कशामुळे गेलं बघा.

पुढे बरीच वर्षं त्याच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. २००३ साली आंध्र प्रदेशात मुलांमध्ये मेंदूज्वराची साथ आली. ३२९ मुलं आजारी पडली, १८३ गेली. तपासात हाच विषाणू निघाला. त्याच वर्षी महाराष्ट्रातही मुलं दगावली. २००७ मध्ये पुन्हा नागपूर विभागात. आणि २०२४ चा पावसाळा तर तुमच्या लक्षात असेल. जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्टपर्यंत मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले, त्यातले ८२ दगावले. ६४ जणांत चांदीपुरा विषाणू सापडला. त्यातले ६१ गुजरातचे आणि ३ राजस्थानचे.

हा विषाणू मुख्यतः सॅन्डफ्लायच्या चाव्यातून जातो. आजार होतो तो बहुतेक १५ वर्षांखालच्या मुलांना. लस नाही, नेमकं औषध नाही. म्हणून हा किडा ओळखता येणं, हा सध्या आपल्या हातातला सगळ्यात मोठा उपाय आहे.

घाबरवायचं नाही मला. प्रत्येक सॅन्डफ्लायमध्ये विषाणू नसतो, आणि ती चावलेलं प्रत्येक मूल आजारी पडत नाही. पण चावणारा किडा कोणता, हे कळल्याशिवाय उपाय बरोबर होत नाही. आपण डास समजून सगळं करतो. पिंप घासतो, कोरडा दिवस पाळतो, डबक्यात गप्पी मासे सोडतो. डासासाठी हे उत्तमच आहे, ते करतच राहा. पण सॅन्डफ्लाय पाण्यात अंडी घालतच नाही. अख्खं गाव कोरडं केलं तरी तिचं काही बिघडत नाही.

कोण चावलं, ते कसं ओळखायचं?

घरात चावणारे किडे मोजकेच आहेत. एकेक करून घेऊ.

ढेकूण तुम्हाला माहीत आहे. रात्री चावतो, सकाळी अंगावर ओळीने गांध्या दिसतात, आणि गादीच्या शिवणीत, खाटेच्या सांध्यात काळे डाग सापडतात.

पिसू बहुधा घोट्याभोवती, गुडघ्याखाली चावते. तिला पंख नसतात, उडी मारते. घरात कुत्रं-मांजर किंवा उंदीर असले तर आधी तिच्यावर संशय घ्यायचा.

गोचीड चिकटून बसते, त्यामुळे ओळखायला सोपी.

चिलट, काही भागांत मुरकूटही म्हणतात, ते दिवसा डोळ्यांभोवती, जखमेभोवती घोंघावतं. काळं, चकचकीत असतं. त्रास फार देतं, पण चावत नाही. तोंडात टोचायला सोंडच नाही त्याच्या.

आता डास आणि सॅन्डफ्लाय. चार खुणा लक्षात ठेवा.

पहिली खूण आकाराची. सॅन्डफ्लाय दीड ते तीन मिलिमीटर, साधारण डासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. मोहरीच्या दाण्याला पंख फुटले असं समजा.

दुसरी आणि सगळ्यात पक्की खूण पंखांची. डास बसला की पंख पाठीवर मिटून घेतो. सॅन्डफ्लाय बसली की पंख वर उभे ठेवते. दोन बोटं उंचावून आपण विजयाची खूण करतो ना, तसे. भिंगातून बघितलंत तर अंगभर आणि पंखांवरही लव दिसेल.

तिसरी खूण चालीची. ती सरळ उडत जात नाही. भिंतीवर टुणटुण उड्या मारत सरकते. बॅटरीचा झोत टाकलात की लगेच कळतं.

चौथी खूण आवाजाची. डास कानाशी गुणगुणतो, निदान सांगून तरी येतो. सॅन्डफ्लाय गपचूप येते. चावा मात्र डासापेक्षा झोंबतो, टाचणी टोचल्यासारखा, आणि नंतर बारीक लाल पुटकुळी येते. रात्री चाटकन टोचलं, आवाज काहीच आला नाही, दिवा लावला तर डासही दिसत नाही, असं तुमच्याकडे होत असेल तर हा एरंडेलाचा कागद घरी करून बघा. कीटक सर्वेक्षणात हीच पद्धत वापरतात. खर्च एका कागदाचा आणि दोन चमचे तेलाचा.

चुकीचा किडा धरला की काय होतं

किडा ओळखण्यात शास्त्रज्ञांचीही चूक झालेली आहे. काळा आजार, म्हणजे कालाझार, बंगाल, बिहार, आसामात माणसं मारत होता. तो पसरवतो कोण? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संशय होता ढेकणावर. संशय अगदी वेडगळ नव्हता, ढेकूण प्रत्येक रुग्णाच्या खाटेत सापडायचाच. त्याच्यावर वर्षानुवर्षं प्रयोग झाले, हाती काही लागलं नाही.

१९२४ च्या सुमाराला लक्ष सॅन्डफ्लायकडे गेलं. ही माशी जिथे जास्त, तिथेच आजार जास्त, असं दिसायला लागलं. कलकत्त्याच्या संशोधकांना माशीच्या पोटात कालाझारचे परजीवी वाढताना दिसले. तरीही अशी माशी चावून आजार होतो, हे सिद्ध होईना. अडचण अशी की एकदा रक्त प्यायलेल्या माश्या पुढे नीट जगतच नव्हत्या. १९४० मध्ये असं लक्षात आलं की रक्तानंतर त्यांना मनुका चोखायला दिल्या तर त्या जगतात आणि परजीवी भरभरून वाढतात. मग १९४२ मध्ये स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी आसामात पाच स्वयंसेवकांवर प्रयोग केला. पाचही जणांना कालाझार झाला. ढेकणावरच्या संशयापासून इथवर यायला तीसहून अधिक वर्षं गेली.

याला जोडूनच पुढची गोष्ट. १९५० च्या दशकात मलेरियासाठी घराघरांत डीडीटी फवारलं गेलं. कुणी सॅन्डफ्लायचा विचारही केला नव्हता. पण ती भिंतीवर बसणारी माशी, भिंतीवरच्या औषधाने मेली आणि बिहारमधला कालाझार जवळजवळ नाहीसा झाला. मलेरिया कमी झाल्यावर फवारणी थांबली आणि १९७० च्या दशकात कालाझार परत आला. यातून आपण एकच घ्यायचं : या माशीचा निकाल लागतो तो भिंतीवर.

तिचं घर आपल्या घरात कुठे असतं?

अंडी, अळी, कोष, माशी असा तिचा प्रवास साधारण महिना-दीड महिन्याचा. अंडी घालायला तिला तीन गोष्टी लागतात : अंधार, ओल आणि कुजकं खाद्य. पाणी साचलेलं नको, नुसती दमट माती पुरते. अळी खाते शेणाचा चुरा, पालापाचोळा, कुजलेला काडीकचरा. मातीत ती इतकी बारीक असते की शोधूनही सापडत नाही. म्हणून अळी शोधायच्या भानगडीत पडायचं नाही, जागा शोधायची.

माझ्याबरोबर घराची एक फेरी मारा. भिंत आणि जमीन जिथे मिळते तो सांधा. मातीच्या भिंतीतल्या भेगा. विटांच्या भिंतीतही गिलावा निघालेला असतो, त्या सांदी. न्हाणीमागची ओली भिंत. गोठ्यातला गव्हाणीखालचा कोपरा. भिंतीला लागून रचलेलं सरपण, गोवऱ्या. जुन्या विटांचा ढीग. उंदराची बिळं. आणि उकिरडा, तो घराला चिकटून असेल तर. दिवसा माशी या अंधाऱ्या जागी बसून राहते, अंधार पडला की रक्तासाठी बाहेर येते. रक्त मादीच पिते, अंड्यांसाठी. लांब उडायची ताकद तिच्यात नाही. ती चावते आहे म्हणजे तिची जागा तुमच्या अंगणात किंवा शेजारच्या अंगणात आहे, हे नक्की समजा.

आणखी एक गोष्ट. चांदीपुरा विषाणू मादीकडून तिच्या अंड्यांत जाऊ शकतो, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. म्हणजे नुसती उडणारी माशी मारून भागत नाही, तिची पुढची पिढी वाढते ती जागा मोडावी लागते.

काय करायचं, आणि कोणत्या क्रमाने

क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून सावकाश सांगतो.

पहिलं काम पावसाळ्याआधी. भेगा बुजवा. सिमेंट असेल तर सिमेंटने, नाही तर माती कालवून. जमिनीलगतची हातभर भिंत आधी घ्या. वरून चुना मारा. गोठ्याची भिंतही सोडू नका. उंदराची बिळं बंद करा.

दुसरं, शेण आणि ओला कचरा. उकिरडा घरापासून जितका लांब नेता येईल तितका न्या. शेण रोजच्या रोज उचला. सरपण, गोवऱ्या भिंतीला टेकवून रचू नका, मध्ये हवा खेळेल एवढी जागा सोडा.

तिसरं, फवारणी. ती आरोग्य खात्याचं काम आहे, आपण बाजारातून औषध आणून भिंतीला मारायचं नाही. फवारणीवाले आले की घर उघडं करून द्या, देवघर आणि स्वयंपाकघराची भिंत वगळा असं म्हणू नका. सॅन्डफ्लाय उड्या मारत वर जाते, फार उंच चढत नाही. म्हणून कालाझारच्या भागात सहा फुटांपर्यंतच भिंत फवारतात. म्हणजे खालची भिंत सुटली तर सगळं फुकट.

इथेच आपलं चुकतं. फवारणी झाली की वास येतो, डाग दिसतात, सण तोंडावर असतो. ताई लगेच भिंत सारवून घेतात किंवा चुन्याचा हात मारतात. औषध खाली गेलं, माशी वर बसली, झालं काम! म्हणून भेगा आणि चुना आधी, फवारणी नंतर, आणि फवारणीनंतर निदान दोन-अडीच महिने भिंतीला काहीही लावायचं नाही. आशाताई इथे बसल्या आहेत, त्यांना मी सांगेन की घरोघर बाकी काही बोलायला वेळ नसला तरी हा क्रम सांगा.

धूर सोडणारी गाडी येते, ते फॉगिंग. त्याने त्या घटकेला उडत असलेला किडा मरतो. भेगेत बसलेल्या माशीपर्यंत तो धूर धड पोचत नाही. गाडी येऊन गेली म्हणजे काम झालं, असं मानू नका.

अंगाला लागू नये म्हणून

पंखा. एवढी हलकी माशी आहे की वाऱ्यात तिला उडता येत नाही. झोपलेल्या मुलावर पंख्याचा वारा असेल तर ती जवळ येऊ शकत नाही. वीज जाते हे मान्य, पण असते तेव्हा तरी पंखा मुलांच्या बाजूला वळवा.

झोपायची जागा. जमिनीवर, भिंतीला लागून अंथरूण म्हणजे तिच्या दारातच झोपणं. खाटेवर झोपवा, खाट भिंतीपासून हात-दीड हात सरकवा.

मच्छरदाणी. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून ही माशी आत शिरू शकते. बारीक जाळीची घ्या किंवा कीटकनाशक लावलेली घ्या. औषध लावलेल्या जाळीवर ती बसली की मरते.

कपडे. संध्याकाळपासून मुलांना पूर्ण बाह्यांचे, पाय झाकणारे कपडे.

अंगाला लावायचं औषध. डीट असलेली मलमं चालतात, मात्र दोन महिन्यांखालच्या बाळाला लावायची नाहीत आणि कुणाच्याच डोळ्यांना, तोंडाला लागू द्यायची नाहीत. घरगुती उपायांत ज्याची खरोखर चाचणी झाली आहे असं एक आहे, कडुनिंबाचं तेल. १९९० च्या दशकात आपल्याच देशात प्रयोग झाले. खोबरेल किंवा मोहरीच्या तेलात दोन टक्के निंबोळी तेल मिसळून लावलं, तर कालाझार पसरवणाऱ्या सॅन्डफ्लायपासून रात्रभर संरक्षण मिळालं. तिचीच दुसरी जात, जी आपल्याकडे चांदीपुराच्या बाबतीत महत्त्वाची, ती प्रयोगशाळेत सुमारे सात तास लांब राहिली. दोन टक्के म्हणजे १०० मिली खोबरेलात २ मिली निंबोळी तेल. पण हे तेल फक्त वरून लावायचं. लहान मुलाच्या पोटात गेलं तर विषबाधा होते, झटके येऊ शकतात. बाटली उंचावर ठेवा.

निवडक प्रश्नोत्तरं

*कापूर जाळला, कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला तर जाते का?*

धूर आहे तोवर काही माश्या लांब राहतात. पण रात्रभर धूर करणार कोण, आणि त्या बंद खोलीत मूल श्वास घेणार कसा? धुराने खोकला नक्की होतो, माशी नक्की जाईल असं नाही. त्यापेक्षा तोच वेळ भेगा बुजवण्यात घाला.

*आमचं सिमेंटचं घर आहे, दुसऱ्या मजल्यावर राहतो. आम्हाला धोका आहे का?*

कमी आहे. पण खाली गोठा असेल, मागे ओली पडकी भिंत असेल, मुलं संध्याकाळी तिथे खेळत असतील, तर तिथे चावेल. कागद टांगून बघा, शंका राहणार नाही.

*घर भाड्याचं आहे, मालक भिंत दुरुस्त करत नाही. मग?*

मग खाट, पंखा, मच्छरदाणी आणि कपडे, हे चार तुमच्या हातात आहेत. भेगेत ओली माती भरायला पैसे लागत नाहीत, ती मालकाला न विचारता भरली तरी चालेल. (हशा)

*मुलाला ताप आला तर किती वेळ वाट बघायची?*

हा प्रश्न विचारलात, बरं झालं. साधा ताप आला तर नेहमीसारखं दवाखान्यात दाखवा. पण पावसाळ्याच्या दिवसांत मुलाला एकाएकी जोराचा ताप, त्याबरोबर उलट्या, झटके, किंवा मूल सुस्त पडलं, हाक मारल्यावर ओळख देईना, यातलं काहीही दिसलं, तर अजिबात वाट बघायची नाही. या आजारात एक-दोन दिवसांत मूल हातचं जातं. सकाळी बघू, असं म्हणायला सकाळ मिळत नाही. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने, मुलांचा अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय गाठा. नेमकं औषध नसलं तरी झटके थांबवणं, मेंदूवरची सूज उतरवणं, श्वास चालू ठेवणं हे तिथे करता येतं, आणि त्यानेच मुलं वाचतात.

झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका.

*हा कागद आम्ही घरी करायचा, तर किती दिवस ठेवायचा?*

एक रात्र पुरते. संध्याकाळी दिवेलागणीला लावा, सकाळी काढा. दोन-तीन ठिकाणी लावा : न्हाणीमागे, गोठ्यात आणि मुलं झोपतात त्या खोलीत. उभ्या पंखांचे ठिपके दिसले तर कागद घेऊन उपकेंद्रात जा आणि दाखवा. "खूप डास झालेत" अशी तक्रार केलीत तर पाण्याच्या टाक्या बघायला माणूस येईल. कागद दाखवून "सॅन्डफ्लाय आहे, भिंतीची फवारणी हवी" म्हणालात, तर बोलणं मुद्द्याचं होईल.

कागद परत आला का? आला. भिंगही आलं. ज्यांचं बघायचं राहिलं त्यांनी जाता जाता टेबलापाशी थांबा, मी आहे इथेच.